हवेची वाटणी

वैशाखातील दुपार. घरातील मुलगा लोणच्याची बरणी काढण्यासाठी शिडी लावून माळ्यावर चढतो. खाली फरशीवर आजी नुसती चटई टाकून पहुडलेली असते आणि तिचा डोळा लागण्याच्या बेतात असतो. थोड्या वेळाने बरणी घेऊन नातू खाली उतरतो, तो घामाने निथळतच.

"अरे, दोन मिनिटांत एवढा घाम?" आजी विचारते.

"आजी, वर भट्टी पेटलीय गं!"

आजीला हसू येते. पण नातू काही खोटे बोलत नसतो. दोघे एकाच खोलीत होती, दोघांमध्ये अंतर होते अवघे सात-आठ फुटांचे. तरी एकीला डुलकी येत होती आणि दुसऱ्याचा जीव कासावीस झाला होता. ज्याला ह्याची खात्री करून घ्यावयाची असेल त्याने दोन तापमापक घ्यावेत. एक जमिनीपासून वीतभर उंचीवर व दुसरा छताच्या लगत टांगावा, आणि अर्ध्या तासाने दोन्हींवरील आकडे वाचावेत. ते क्वचितच सारखे येतात. खोली एक असली, तरी तिच्यातील हवा एक नसते. एकावर एक रचलेल्या रजयांप्रमाणे तिचे थर पडलेले असतात. सर्वांत ऊन थर वर आणि सर्वांत गार थर तळाशी.

ह्याचे कारण हवेच्या वजनात आहे. हवेला वजन असते हे पुष्कळांच्या ध्यानात राहत नाही. चार मीटर लांब, तीन मीटर रुंद व तीन मीटर उंच अशा मध्यम खोलीतील हवा तोलता आली, तर ती सुमारे चाळीस किलो भरेल. म्हणजे जवळजवळ सातवीतील एका मुलाच्या वजनाइतकी! हवा तापली की फुगते, आणि फुगली की तितक्याच जागेत ती कमी मावते. २० अंश सेल्सियसची एक घनमीटर हवा सुमारे १.२ किलो भरते; तीच ४० अंशांची असेल तर सुमारे ७५ ग्रॅमनी हलकी असते. एवढ्याशा फरकाने काय होणार, असे वाटेल. परंतु हवा ही फार चंचल वस्तू आहे. तेवढा फरक तिला पुरतो. हलकी हवा वर सरकते, जड हवा तिच्या जागी येते. शास्त्रज्ञ ह्या फेऱ्याला अभिसरण म्हणतात. मात्र वर गेलेल्या ऊन हवेला बाहेर पडावयास वाट नसेल, तर ती छताखाली अडकून बसते आणि थर तयार होतो.

ह्या थरांमुळे माणसाचे जे नुकसान होते, ते माळ्यावरच्या घामापुरते नसते. त्यात वीज खर्ची पडते, कोळसा जळतो, पैसा जातो. आणि तो बहुधा कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण हवा डोळ्यांना दिसत नाही. अधिक गारवा किंवा अधिक ऊब निर्माण करण्याच्या मागे लागण्यापूर्वी, घरात जी आहे तिची नीट वाटणी करावी, हा शहाणपणाचा मार्ग आहे. आणि तो स्वस्तही आहे.

हे प्रथम समजले ते थंड देशांतील लोकांना, कारण त्यांना ऊब विकत घ्यावी लागते. युरोप-अमेरिकेतील एखादा उंच छपराचा कारखाना किंवा गोदाम डोळ्यांसमोर आणावे. बाहेर बर्फ पडत असतो. आत तापक यंत्रे अखंड चालू असतात आणि त्यांतून निघालेली ऊन हवा सरळ छपराकडे धाव घेते. खाली काम करणाऱ्या मजुरांची पावले गारठलेली असतात, म्हणून यंत्रे आणखी जोराने चालवितात. ती नवी ऊबही वरच जाते. छपराला मात्र चांगली ऊब मिळते! बरे, तेथे ती टिकते म्हणावे तर तेही नाही. छपराच्या एका बाजूला कडक थंडी व दुसऱ्या बाजूला ऊन हवा. जितका हा फरक मोठा, तितकी उष्णता छपरातून अधिक वेगाने बाहेर निसटते. म्हणजे मालकाचे पैसे दोनदा जातात. ऊब मजुरांपर्यंत पोचत नाही म्हणून एकदा, आणि ती छपरातून उडून जाते म्हणून दुसऱ्यांदा.

ह्यावरचा उपाय ऐकून हसू येईल. हिवाळ्यात पंखा लावावयाचा! रुंद पात्यांचा पंखा छताखाली अगदी सावकाश फिरवला, की वरची ऊन हवा हळूहळू खाली उतरते, थर मोडतात आणि खालच्या माणसांना ऊब मिळते. तो सावकाशच फिरवावा लागतो. जोराने फिरविला तर वारा अंगाला झोंबतो आणि हेतू फसतो. अमेरिकेतील घरांत छताच्या पंख्याला एक लहानशी कळ असते. ती फिरविली की पंखा उलट दिशेने फिरू लागतो. तो हवा वर ओढतो, आणि छताजवळची ऊन हवा भिंतींच्या कडेने खाली येते. वारा अंगावर येत नाही, ऊब मात्र येते. महाराष्ट्रातील बहुतेक पंख्यांना अशी कळ नसते. येथील हिवाळ्यात तिचे फारसे अडतही नाही.

ह्या पंख्याचा इतिहास मोठा गमतीचा आहे. फिलिप डील हा अमेरिकेतील शिवणयंत्रांच्या कारखान्यात काम करणारा इंजिनिअर होता. शिवणयंत्रासाठी विजेची मोटार बनविणाऱ्या ह्या माणसाने तशीच मोटार छताला टांगून तिला पाती जोडली आणि १८८९ मध्ये ह्या शोधाचे हक्क मिळविले. हिंदुस्थानात त्या काळी साहेबांच्या कचेऱ्यांत छताला कापडाचा लांब झुला टांगलेला असे व बाहेर बसलेला गडी दोरी ओढून तो हलवीत असे. विजेच्या पंख्याने त्या गड्याची कंटाळवाण्या कामातून सुटका केली. त्याची रोजीही घालविली, हे ओघाने आलेच. पुढे १९०२ मध्ये विलिस कॅरियर ह्या तरुण इंजिनिअरने न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथील एका छापखान्यासाठी हवा गार व कोरडी करणारी यंत्रणा आखली. ती माणसांसाठी नव्हती. दमट हवेने कागद फुगे व रंग नेमके जागेवर बसत नसत, म्हणून ती कागदाच्या सोयीसाठी होती. पुढे माणसालाही तिची चटक लागली. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतील घराघरांत गार हवेची यंत्रे आली आणि छताचे पंखे अडगळीत गेले. १९७३ मध्ये खनिज तेलाची टंचाई निर्माण झाली, इंधनाचे भाव भडकले, तेव्हा तेथील लोकांना अडगळीतल्या पंख्याची आठवण झाली!

भारतात गोष्ट उलट आहे असे प्रथमदर्शनी वाटेल. येथे ऊब नको असते, गारवा हवा असतो. पण थरांचा नियम तोच, आणि गाऱ्हाणेही तेच.

एखाद्या मोठ्या कचेरीतील दालन पाहावे. भिंतीवर उंच जागी वातानुकूलन यंत्र, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेला एसी, बसविलेले असते. थंड हवा जड, म्हणून ते उंच बसवितात, हे योग्यच आहे. ह्या यंत्रासमोर बसलेल्या बाईंनी खांद्यांवर शाल ओढून घेतलेली असते. आणि पलीकडच्या कोपऱ्यात बसलेले गृहस्थ रुमालाने मान पुसत असतात. मग कोणीतरी उठतो आणि कोपऱ्यातील गृहस्थांची दया येऊन यंत्रावरचा आकडा २४ वरून २० वर आणतो. बाई आणखी गारठतात. गृहस्थांना थोडे बरे वाटते, पण थोडेच. साऱ्या दालनाची हवा चार अंशांनी खाली आणली, ती एका कोपऱ्यासाठी! थोडक्यात, वाटणी विषम असली की सर्वांत गैरसोयीच्या जागेला पुरेल इतका माल बनवावा लागतो, आणि उरलेल्या जागी तो नको तितका होतो.

त्यात आणखी एक मेख आहे. अशा यंत्राला खोलीतील उष्णतेची खबर देणारा संवेदक यंत्राच्या आतच असतो, आणि यंत्र हवा ओढून घेते ती छताजवळची. छताजवळ तर सर्वांत ऊन थर! तेव्हा खाली बसलेली माणसे कुडकुडत असली, तरी यंत्राची समजूत अशी, की खोली अजून तापलेलीच आहे. ते बिचारे प्रामाणिकपणे राबत राहते.

अशा दालनात छताचा पंखा संथ गतीने फिरू लागला, तर दोन गोष्टी घडतात. यंत्राच्या पुढ्यात साचलेला गारवा कोपऱ्यापर्यंत पोचतो आणि थर मोडल्याने यंत्राला खरी खबर मिळते. शिवाय वाऱ्याची झुळूक अंगावरून गेली, की घामाचे बाष्पीभवन होऊन २६-२७ अंशांची हवाही सुखद वाटू लागते. भारत सरकारचे ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो २००२ मध्ये स्थापन झाले. त्याच्या सांगण्याप्रमाणे यंत्रावरचा आकडा एका अंशाने वाढविला तर सुमारे सहा टक्के वीज वाचते. आता हिशेब सोपा आहे. २० ऐवजी २४ ठेवला तर विजेची बचत पाव हिश्श्याच्या आसपास जाते. यंत्र चालताना सुमारे १,५०० वॉट वीज घेत असेल, तर तिचा पाव हिस्सा होतो पावणेचारशे वॉट. जुन्या धाटणीचा छताचा पंखा सुमारे ७५ वॉट घेतो. असे दोन लावले तरी दीडशे. नव्या प्रकारच्या मोटारीचे पंखे तर ३० वॉटच्या आसपास वीज घेतात. हिशेब ढोबळ आहे, कारण यंत्र सर्व वेळ सारख्या जोराने चालत नाही. पण पारडे कोणत्या बाजूला झुकते हे त्यावरून स्पष्ट होते. १ जानेवारी २०२० पासून भारतात खोलीसाठी विकल्या जाणाऱ्या अशा यंत्रांवर आकडा मुळातच २४ लावून दिलेला असावा, असा नियम झाला आहे. नियम चांगला आहे. मात्र हातात नियंत्रक घेऊन बसलेल्या माणसाला तो बदलण्याची मोकळीक असतेच.

पंख्याविषयी एक गैरसमज मात्र घरोघरी आढळतो. "खोली गार होऊ दे, पंखा लावून ठेव," असे म्हणून लोक बाहेर जातात. पंखा खोलीला गार करीत नाही. तो माणसाला गार करतो. रिकाम्या खोलीत तो नुसता फिरतो, आणि त्याच्या मोटारीत खर्ची पडलेली वीज शेवटी उष्णतेच्या रूपाने त्याच खोलीत उतरते. म्हणून खोलीतून शेवटचा माणूस बाहेर पडला की पंख्याचे बटण बंद झालेच पाहिजे. त्याने काही हानी होत नाही असे समजणे चूक आहे.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. हवेची वाटणी नेहमीच हिताची असते असे नाही. वरच्या मजल्यावरील खोलीत, गच्चीच्या स्लॅबखाली, मे महिन्यात दुपारी चार वाजता पंखा लावावा. "पंखा गरम हवा फेकतोय" ही तक्रार प्रत्येक घरात ऐकू येते आणि ती अक्षरशः खरी आहे. उन्हाने तापलेल्या स्लॅबला चिकटलेली ऊन हवा पंखा इमानेइतबारे खाली आणून वाटीत असतो. ज्या उष्णतेसाठी पैसे मोजले आहेत ती वाटून घ्यावी. पण जी न बोलावता उन्हाबरोबर घरात शिरली, तिला वाटून घेण्यात काय अर्थ? तिला वरच्या वरच बाहेरची वाट दाखवावी.

जुन्या काळचे गवंडी हे पक्के जाणून होते. कोकणातील घरांना उतरत्या छपराची मंगलोरी कौले असतात. त्यांच्या सांध्यांतून ऊन हवा आपोआप निसटते. वाड्यांच्या मातीच्या व विटांच्या भिंती हातभर जाड असत. दिवसाचे ऊन त्या भिंतींतून आत पोचेपर्यंत कित्येक तास जात, तोवर रात्रीची गार हवा चौकातून खेळू लागे. तेथे वाटणी होती ती दिवस आणि रात्र ह्यांची. दुपारचा ताप व पहाटेचा गारवा ह्यांची भिंतीच्या पोटात जणू सरासरी काढली जाई. हेच तत्त्व घेऊन आफ्रिकेतील झिंबाब्वे देशात हरारे शहरी मिक पिअर्स ह्या वास्तुशिल्पज्ञाने १९९६ मध्ये एक मोठी इमारत उभी केली. रात्री पंख्यांनी गार हवा आत ओढून तिचे काँक्रीट थंड करतात, आणि दिवसभर ते काँक्रीट आतील हवेचा ताप शोषून घेते. वारुळातील हवा कशी खेळते, ह्यावरून त्याला ही कल्पना सुचली.

आजच्या घरांच्या भिंती इतक्या जाड बांधणे सर्वांना परवडणार नाही, आणि शहरात चौकाला जागा तरी कोठून आणावी? पण गच्चीला उन्हाळ्यापूर्वी पांढऱ्या चुन्याचा हात देणे अवघड नाही. पांढरा रंग ऊन परत फेकतो, स्लॅब कमी तापतो, आणि मग त्याखालचा पंखा भट्टीचा भाता राहत नाही. अहमदाबाद शहरात उन्हाच्या तडाख्यापासून लोकांना वाचविण्यासाठी २०१३ मध्ये योजना आखली गेली. पुढे तेथील गरीब वस्त्यांतील छपरांना पांढरा रंग देण्याचे कामही तिला जोडले गेले. तेलंगणाने २०२३ मध्ये अशा थंड छपरांसाठी राज्याचे धोरणच ठरविले.

विदर्भातील उन्हाळा पाहिलेला वाचक येथे हरकत घेईल, आणि ती रास्त आहे. नागपूर-चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा पंख्याने काय होणार? काही होत नाही. उलट अपाय होतो. माणसाच्या कातडीचे तापमान सुमारे ३५ अंश असते. हवा ४० अंशांच्या वर तापली की पंखा अंगाला गार करण्याऐवजी तापवू लागतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने बजावले आहे. अशा वेळी ओले कापड, सावली, आणि विदर्भात घरोघरी दिसणारा कूलर हाच खरा आधार होय. कूलरची करामत पाण्याच्या बाष्पीभवनात आहे. हवा कोरडी असली तर तो उत्तम चालतो, मुंबईच्या दमट हवेत त्याचा काही उपयोग नाही. परंतु कूलर लावून खिडक्या-दारे गच्च बंद करणारे लोक पुष्कळ आढळतात. त्याने आत ओलावा कोंडतो व चिकचिक होते. समोरची खिडकी थोडी उघडी ठेवली, म्हणजे जुनी हवा बाहेर जाते आणि गारवा साऱ्या घरभर पसरतो. येथेही वाटणीच!

"आमची वीज, आमचे पैसे, आम्ही यंत्र कितीही अंशांवर लावू," असे काही लोक म्हणतात. हे म्हणणे वरकरणी बरोबर दिसते. पण वातानुकूलन यंत्र उष्णता नाहीशी करीत नाही. खोलीतील उष्णता उचलून ते बाहेर टाकते, आणि त्या कामासाठी खर्चलेल्या विजेची उष्णता वर आणखी देते. इमारतीच्या मागील अरुंद बोळात अशी पंधरा-वीस यंत्रे ऊन श्वास सोडीत असतात. त्या बोळातील चाळीच्या खिडक्या तिकडेच उघडतात. ज्यांच्या घरी यंत्र नाही, त्यांच्या वाट्याला दुसऱ्यांचा ताप येतो.

शिवाय वीज काही भिंतीतून उगवत नाही. ३० मे २०२४ रोजी भारतातील विजेची मागणी अडीच लाख मेगावॉटवर जाऊन पोचली. एवढी मागणी देशात पूर्वी कधीच झाली नव्हती, आणि ती मे महिन्याच्या शेवटी झाली ह्यात नवल नाही. देशातील विजेचा मोठा भाग अजूनही दगडी कोळसा जाळून निर्माण होतो. महाराष्ट्रातील कोळशावर चालणाऱ्या मोठ्या वीज केंद्रांपैकी एक, २,९२० मेगावॉटचे, चंद्रपूरला आहे. आणि उन्हाळ्यात देशातील सर्वांत तापणाऱ्या शहरांत ज्यांची नावे येतात, त्यांत चंद्रपूरही असते. पुण्या-मुंबईच्या दालनात कोणी शाल पांघरून बसते, तेव्हा चंद्रपूरच्या भट्टीत चार खोरी कोळसा अधिक पडतो. तेथील राखेचा आणि धुराचा वाटा त्या दालनातील कोणाला उचलावा लागत नाही. वाटणी विषम आहे ती अशी. छताखालच्या हवेची विषमता त्या मानाने सौम्यच म्हणावयाची.

हे सारे बोलणे यंत्राविरुद्ध नाही. रुग्णालयात, म्हाताऱ्या माणसांच्या खोलीत, उष्म्याच्या लाटेत यंत्र प्राण वाचविते. तेथे ते अवश्य चालावे. प्रश्न आहे तो त्याच्या आधी काय करावयाचे हा.

ह्या दृष्टीने पुष्कळ जुन्या शाळांच्या इमारती पाहण्यासारख्या आहेत. वर्ग उंच असतात, आणि भिंतीच्या माथ्याशी, छताच्या किंचित खाली, झरोक्यांची एक रांग असते. प्रत्येक झरोक्याला मधोमध फिरणारी काचेची झडप असे व तिला दोरी बांधलेली असे; मास्तर सकाळी ती दोरी ओढून झडप उघडीत, म्हणजे छताखालची ऊन हवा निघून जाई. आज बहुतेक ठिकाणी ती दोरी तुटलेली आहे. झडपेवर रंगाचे इतके थर चढले आहेत की ती हलत नाही, किंवा आतून तिच्यावर नकाशा टांगला आहे. त्याखाली पन्नास मुले वहीने वारा घेत बसलेली असतात. नवी दोरी कोणत्याही किराणा दुकानात मिळते, आणि वाळलेला रंग खरवडावयास एक बोथट चाकू पुरतो.